मौजेचा पैसा दान ठरतो काय?

दान गुप्तपणे करावे व संतोषाने करावे, हे आपणांस लहानपणापासून शिकविले आहे. परंतु पैसे देऊन मनुष्याने खेळ पाहिला आणि तो पैसा दुखणाईत लेकराच्या उपचारास लागला, तर त्यास दान म्हणावे की तो केवळ खरेदीचा व्यवहार ठरतो? ह्या प्रश्नाचा आज विचार करू.

अमेरिकेच्या शेतकरी मुलखात ट्रॅक्टरने ओझे ओढण्याच्या शर्यती होतात. पूर्वी तेथे घोडे जुंपीत, इ.स. १९२९ पासून यंत्रे जुंपू लागले. काही गावी ह्या शर्यतीचा सारा खटाटोप गावकरी विनावेतन करितात आणि जमलेला पैसा आपल्याच भागातील आजारी मुलांकरिता देतात. जालना जिल्ह्यातील वाचकांस ही गोष्ट परकी वाटणार नाही, कारण शंकरपट आपणांस ठाऊकच आहे. बैलांचे हाल होतात म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा शर्यती बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरात त्यांस पुन्हा परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी आपल्या राज्याचा त्याविषयीचा कायदा उचलून धरिला. ट्रॅक्टरास पराणीची वेदना होत नाही हे खरे. पण त्यावर बसणारा मनुष्यच असतो. २०२३ च्या ऑक्टोबरात पंजाबातील गुरुदासपूर जिल्ह्यात एका जत्रेत ट्रॅक्टरच्या कसरती करिताना एक तरुण प्राणास मुकला, आणि तेथील सरकारने अशा कसरतींवर बंदी घातली. एका लेकराचा जीव वाचविण्यासाठी दुसऱ्या आईच्या लेकराचा जीव पणास लावणे हा धर्म नव्हे. एवढे प्रथम ठरवून मग पुढे जाऊ.

कोणी म्हणेल, ज्याने तिकीट घेतले त्याने मौज विकत घेतली. त्याला त्याचे प्रतिफळ मिळाले, मग दान कसले? दुसरा म्हणेल, तापाने फणफणलेले मूल औषध कोणाच्या पैशाचे आहे हे विचारीत नाही. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पैसा प्रामाणिक असेल, हिशेब सर्वांपुढे मांडिला असेल, आणि लेकराला व्यासपीठावर उभे करून त्याच्या दुखण्याचे प्रदर्शन मांडिले नसेल, तर तो पैसा खुशाल घ्यावा. मात्र तिकीट घेणाऱ्याने, आपण धर्म केला, असे समजून घरी जाऊ नये. दान कोणी केले म्हणाल, तर ज्याने मैदान झाडिले, दोर धरिले, पाणी वाटिले आणि आपली एक दिवसाची मजुरी सोडिली, त्याने केले. सोयाबीनच्या काढणीत एक दिवस बुडविणारा शेतमजूर त्या विधवेच्या दोन टोल्यांच्या अगदी जवळ उभा आहे.

आता ह्या शर्यतीची रचना पाहा. ट्रॅक्टरच्या मागे एक घसरगाडी जोडितात. आरंभी तिच्यावरील वजनाची पेटी मागच्या चाकांवर असते, म्हणून ट्रॅक्टर सहज निघतो. पण गाडी जसजशी ओढली जाते, तसतशी ती पेटी पुढे सरकते, गाडीचा पुढील भाग जमिनीस घट्ट घासू लागतो आणि ओझे पावलोपावली वाढते. सुमारे ३०० फुटांच्या वाटेवर पुष्कळ ट्रॅक्टर मध्येच थांबतात.

आजाऱ्याची सेवाही अशीच आहे. पहिल्या दिवशी सारे गाव धावते. परंतु थॅलेसेमिया झालेल्या मुलास दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, आणि तेही वर्षानुवर्षे. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचा उपचार बहुधा दोन-तीन वर्षे चालतो. शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून इस्पितळाचा पुष्कळ खर्च भागतो, ही देवाची दयाच म्हणावयाची. तरी छत्रपती संभाजीनगरास जाण्यायेण्याचे भाडे, आईचे जेवण, बुडालेली मजुरी आणि घरी राहिलेल्या भावंडांची भाकर यांची चिंता कोणी वाहावी? सहाव्या महिन्यात ओझे जड होते आणि नेमके तेव्हाच मैदान रिकामे असते.

म्हणूनच पौल प्रेषिताने करिंथ येथील मंडळीस फार शहाणपणाची आज्ञा केली. आपण येऊ तेव्हा वर्गणी गोळा होऊ नये, तर दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या प्राप्तीप्रमाणे काही बाजूस ठेवावे, असे त्याने लिहिले (१ करिंथ १६:२). त्याच्या येण्याने मोठा मेळा जमला असता व पैसाही पुष्कळ पडला असता. पण त्याला उमाळा नको होता, नेम हवा होता. मिझोरमातील ख्रिस्ती स्त्रिया शंभराहून अधिक वर्षे प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ प्रभूसाठी काढून ठेवीत आल्या आहेत. त्या मुठीतून तेथील मंडळीचे केवढे तरी कार्य चालते. आपल्या घरात तांदूळ नसेल तर ज्वारी आहे.

आपल्या जिल्ह्यातील बेथेल गाव रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी वसविले, तेही एका दिवसाच्या उत्सवाने वसले नाही. ते १८९१ साली वारले, आणि त्यापूर्वीची कित्येक वर्षे त्यांनी ह्याच मुलखात झिजविली.

तेव्हा उपदेशक बंधूंनो, तुमच्या गावचे तरुण एखाद्या आजारी लेकरासाठी खेळ भरवू म्हणतील, तर त्यांस हिणवू नका. कोणाच्या जिवास धोका नाही एवढे पाहा, आणि स्वतः जाऊन त्यांच्यासंगे मैदान झाडा. पण पुढच्या रविवारी उपासनेनंतर एक डबा ठेवा, आणि त्या घरी दर आठवड्यास कोण जाणार हे नावानिशी ठरवा.

कफर्णहूमास पक्षघाती मनुष्य प्रभूकडे आणिला गेला, तेव्हा दाराशी गर्दी पुष्कळ होती. ती सारी पाहावयास व ऐकावयास आली होती, आणि तिच्यामुळेच त्याची वाट अडली. त्याला आत पोहोचविले ते बाज उचलणाऱ्या चौघांनी. ह्या आठवड्यात आपल्या मंडळीतून असे चौघे निघोत.