काचेमागचा कॅमेरा आणि योग्यतेचा प्रश्न

वस्तू तिच्या कार्यामुळे ‘ती’ ठरते की घडणीमुळे, या प्रश्नावर भारतीय दर्शनांत दीर्घकाळ वाद झाला आहे आणि संग्रहालयांमुळे तो नव्याने उभा राहतो, कारण संग्रहालय वस्तूचे शरीर जपते पण तिचे काम थांबवते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील दिवे लावले जात नाहीत आणि अडकित्ते सुपारी कातरत नाहीत, तरी त्यांना दिवे आणि अडकित्ते म्हणताना कोणी अडखळत नाही. गुरुग्राम येथे 2019 मध्ये खुल्या झालेल्या म्युझिओ कॅमेरासारख्या संग्रहालयात खिशात मावणारा फिल्म कॅमेरा ठेवला गेला, तर मात्र प्रश्न अधिक अवघड होतो, कारण चित्र उमटवणे हे काम एकट्या कॅमेऱ्याच्या हाती कधीच नव्हते.

लोकाचार या बाबतीत कार्याच्या बाजूने उभा आहे. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील चकलांब्यासारख्या शेतीवर जगणाऱ्या गावांत खंडेनवमीला औजारे धुऊन-पुसून मांडली जातात, त्यांना हळदकुंकू वाहिले जाते आणि छायाचित्रणाचा व्यवसाय करणारा त्याच भावनेने आपला कॅमेरा पूजेत ठेवतो. हा मान हाताशी असलेल्या, उद्या पुन्हा कामाला लागणाऱ्या साधनाचा असतो. पार्थिव गणेशमूर्तीच्या विधीत हेच तत्त्व अधिक कठोर रूपात दिसते: प्राणप्रतिष्ठेने आवाहन केलेल्या देवतेला उत्तरपूजेने निरोप दिला की मूर्ती जागेवरून हलवून तिचे विसर्जन करायचे, म्हणजे प्रयोजन संपताच आकाराचाही मोह सोडायचा. संग्रहालय नेमके हे विसर्जन नाकारते, आणि त्या नकाराला तात्त्विक आधार आहे का, हे पाहावे लागते.

सातव्या शतकातील बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांनी सत्तेची कसोटी म्हणून अर्थक्रियाकारित्व, म्हणजे परिणाम घडवण्याचे सामर्थ्य, पुढे केले. त्यांच्या परंपरेतील पुढच्या आचार्यांनी यावरून असे प्रतिपादिले की जे खरोखर समर्थ आहे ते कार्याला विलंब लावत नाही. म्हणून अंकुर न देणारे कणगीतले बी आणि अंकुर देणारे शेतातले बी ही एकच वस्तू नव्हे, आणि ‘कुर्वद्रूपत्व’, म्हणजे प्रत्यक्ष कार्य करणारे रूप, केवळ दुसऱ्यातच असते. या मताने काचेमागचा कॅमेरा पाहणाऱ्याच्या ठायी स्वतःचे ज्ञान उत्पन्न करतो आणि तेवढ्यापुरता सत् ठरतो, परंतु कॅमेरा म्हणून नव्हे.

दहाव्या शतकातील नैयायिक उदयनाचार्य यांनी ‘आत्मतत्त्वविवेक’ या ग्रंथात या क्षणिकवादाचे, म्हणजे वस्तू क्षणोक्षणी वेगळी असते या मताचे, खंडन केले. न्यायमतानुसार स्वरूपयोग्यता, म्हणजे वस्तूच्या जातीमुळे तिच्यात असलेली पात्रता, आणि फलोपधान, म्हणजे प्रत्यक्ष फळ देणे, ही दोन वेगळी आहेत. माती, पाणी, ऊब ही सहकारी कारणे जुळली नाहीत म्हणून कणगीतले बी अपात्र ठरत नाही. रानातला जो दांडा कुंभाराच्या चाकापर्यंत कधीच पोहोचत नाही, तोही घट घडवण्यास योग्यच, कारण त्याच्याच जातीच्या दांड्यांनी घट घडलेले दिसतात.

फिल्म कॅमेरा या उत्तराची मर्यादा दाखवतो. योशिहिसा मैतानी यांनी रचलेल्या आणि 1979 मध्ये बाजारात आलेल्या ऑलिंपस एक्सए या छोट्या कॅमेऱ्याचे शटर विजेवर चालते, त्यामुळे बॅटरीवाचून ते उघडत नाही. ते उघडले तरी फिल्मवरील चांदीच्या क्षारांत प्रकाशाने केवळ सुप्त प्रतिमा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा ठसा, तयार होते, जी रासायनिक प्रक्रियेनेच दृश्य होते. ही सहकारी कारणे केवळ दूर असतात असे नाही, ती कायमची लोपूही शकतात. कोडाक्रोम फिल्मचे उत्पादन 2009 मध्ये थांबले आणि 2010 च्या अखेरीस अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावच्या प्रयोगशाळेनेही तिचे रोल प्रक्रियेसाठी घेणे बंद केले. त्यानंतर एखाद्या जुन्या कॅमेऱ्यात सापडलेल्या कोडाक्रोम रोलवर ठसा असतो, परंतु त्याचे रंग खुलवून देणारी व्यावसायिक प्रयोगशाळा नसते. बीजाच्या दृष्टान्तात माती आणि पाऊस जगात आहेतच, हे गृहीत होते. यंत्राच्या बाबतीत ते गृहीत धरता येत नाही.

तरीही न्यायाचा पक्ष टिकतो, मात्र एका अटीवर. योग्यता जातीमुळे ओळखली जाते आणि जातीचे सामर्थ्य तिच्या कार्यरत सभासदांत दिसते; म्हणून जोवर फिल्म बनते, रोल धुतले जातात आणि त्याच जातीचे कॅमेरे कोणी तरी वापरते, तोवर कपाटातला कॅमेराही कॅमेराच असतो. ते सर्व थांबले, तर त्याची योग्यता केवळ नोंदींच्या साक्षीवर उभी राहील. यावरून संग्रहालयाचे कर्तव्यही ठरते: विसर्जन नाकारणाऱ्याने आकार सांभाळण्यापुरते न थांबता प्रक्रियांची सूत्रे, कारागिरांचे ज्ञान आणि चालत्या स्थितीतील निदान काही नमुने राखले पाहिजेत, कारण वस्तूचे वस्तुपण तिच्या सहकाऱ्यांसह राहते आणि त्यांच्यासहच जाते.