तिचं खरंच काही होतं का?

चिंचपोकळी स्टेशनबाहेर पेपर घ्यावा आणि आतल्या पानावर 'चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून' हा मथळा दिसावा, याची आपल्याला सवय झाली आहे. गावाचं नाव बदलतं, मथळा तोच राहतो. त्यावरची चर्चाही ठरलेली असते. चाळीच्या गॅलरीत असो की ऑफिसात डबा खाताना, कुणीतरी विचारतंच: तिचं खरंच काही होतं का? विचारणारी माणसं दुष्ट नसतात. पण 'नव्हतं' असं कळलं की ती हळहळतात आणि 'होतं' असं कळलं की गप्प होतात. त्या गप्प होण्याची मला भीती वाटते. हल्ली तर जिने कधी होकारच दिला नव्हता, तिच्यावरचा हल्लाही 'प्रेमात दगा' या सदरात जमा होतो. शब्द दिलाच नव्हता, तर मोडला कसा, हे कुणी विचारत नाही.

'तिचं खरंच काही होतं का' हा प्रश्न आपल्याला रंगभूमीनेही शिकवला आहे. अहल्या, रेणुका या कथा सर्वांना पाठ आहेत, त्यात शिरत नाही. आधुनिक काळापुरतं बोलायचं तर गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली 'ऑथेल्लो' मराठीत आणला तो 'झुंझारराव' म्हणून. पुढे १९१६ साली त्यांचंच 'संशयकल्लोळ' रंगभूमीवर आलं. एकात संशयापायी बायकोचा जीव जातो, दुसऱ्यात कृत्तिकेवर संशय घेणारा फाल्गुनराव स्वतःचं हसं करून घेतो. दोन्ही नाटकं उभी आहेत ती एकाच खात्रीवर: बाई निर्दोष आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक आहे. म्हणून तो तिथे रडू शकतो आणि इथे हसू शकतो. देवलांचं सामर्थ्य मी मानतो. पण या खात्रीमागे एक प्रश्न झाकला गेला. 'झुंझारराव'मध्ये बायकोविरुद्ध पुरावा ठरलेली रुमालाची भानगड खरी असती तर? मग तिचा जीव घेणं चाललं असतं का? शेक्सपिअरच्या मूळ नाटकावरही हे विचारण्याची वेळ येत नाही, कारण ऑथेल्लोची बायको डेस्डेमोना निर्दोष आहे.

मुंबईवर मात्र ती वेळ आली. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातल्या कमांडर नानावटीने पत्नीच्या प्रियकराला, प्रेम आहुजाला, गोळ्या घालून ठार केलं. इथे संशय नव्हता, पत्नीने स्वतःच सांगितलं होतं. ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने त्याला निर्दोष ठरवलं. 'ब्लिट्झ' साप्ताहिक त्याच्या बाजूने उभं राहिलं. पुढे हायकोर्टाने जन्मठेप दिली ती गोष्ट वेगळी. संबंध खरे निघाले की रक्ताचा हिशेब बदलतो, हे मोठ्या जमावाने तेव्हा मान्य केलं होतं.

तेरा वर्षांनी, १९७२ साली, विजय तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' आलं. त्याच्याबद्दल आजही बोललं जातं ते सेन्सॉरच्या कात्रीबद्दल, दिग्दर्शक कमलाकर सारंगांच्या कोर्टातल्या लढ्याबद्दल, त्यात काम करणाऱ्या निळू फुले आणि लालन सारंग यांच्या धिटाईबद्दल. काहींच्या मते लग्न झुगारलं की शेवट असाच होतो, हे त्या नाटकाचं सांगणं. मला वाटतं, या गदारोळात त्याचा गाभा आपल्या हातून निसटला. आपल्याकडे दग्याच्या कल्पनेला खरं वळण मिळालं ते इथे.

सखारामचा लग्नावर विश्वास नाही. नवऱ्यांनी टाकलेल्या बायका तो घरी आणतो आणि अट आधीच सांगतो: पटेल तोवर राहायचं, नाही पटलं तर दोघांनाही वाट मोकळी. शपथ नाही, सप्तपदी नाही. अशा घरात नवऱ्याला सोडून आलेली चंपा राहते. सखारामचं शरीर सोसता यावं म्हणून ती दारू पिते. आधी त्याच घरात राहून गेलेली लक्ष्मी परत येते, सखारामचं पौरुष ढासळतं आणि चंपा दुपारी त्याच्या मित्राकडे, दाऊदकडे जाऊ लागते. लक्ष्मी माग काढते आणि सखाराम तिला हाकलायला निघतो तेव्हा ते सांगून टाकते. सखाराम चंपाचा गळा आवळतो.

इथे तेंडुलकरांनी प्रेक्षकाचा आधार काढून घेतला. चंपाचं खरंच काही होतं. ती कमळासारखी निर्मळ नाही, तोंडाची फटकळ आहे, पिते, आणि जे केलं ते तिने केलं आहे. तरीही तो खून आहे, निव्वळ खून. बरं, मोडला कुठला शब्द? सखारामने स्वतःच सारी बंधनं धुडकावली होती. म्हणजे त्याला दुखलं ते वचनभंगाने नव्हे. माझ्या घरातली बाई माझीच, हा मालकीहक्क त्याच्या बंडाखाली शाबूत होता. आणि खुनानंतर त्याला सावरते कोण, तर देवभोळी लक्ष्मी. चंपा पापीण होती, असं म्हणत ती प्रेत पुरायला पुढे होते. गॅलरीतल्या त्या प्रश्नाचं उत्तर लक्ष्मीपाशी तयार आहे.

आमच्या गिरणगावाला हा मालकीहक्क परका वाटायचं कारण नव्हतं. बायको कोकणात किंवा घाटावर ठेवून हजारो पुरुष इथल्या गाळ्यांत आणि खाणावळींत आयुष्य काढत होते. एखाद्याने इथे दुसरी बाई ठेवली, तर गावच्या बायकोने ते गिळायचं असे. त्याला दगा म्हणून कुणी बोंब ठोकली नाही. कायदाही याच घडणीचा होता. भारतीय दंड संहितेच्या कलम ४९७ मध्ये परस्त्रीशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाविरुद्ध त्या स्त्रीच्या नवऱ्याला दाद मागता येई, ज्याने असा संबंध ठेवला त्याच्या बायकोला नाही. नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने हे कलम रद्द केलं ते २०१८ साली.

तेंडुलकर 'सखाराम बाइंडर'पाशीच थांबले नाहीत. गिरणी संपाच्याच वर्षी, १९८२ साली, त्यांची पटकथा असलेला 'उंबरठा' हा चित्रपट आला. बाहेरचं काम आटोपून सुलभा घरी परतते, तर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली. ती कुणाच्या जिवावर उठत नाही. घर सोडून निघून जाते. दग्याचं दुःख तिथे पूर्ण आहे, फक्त त्यातून दुसऱ्याच्या जिवावरचा हक्क निघत नाही.

आमच्या गल्लीतली कॉलेजची मुलं आता जपानी माँगा वाचतात. त्यांच्यामुळे मी आई याझावा या लेखिकेची 'नाना' वाचली, २००० साली सुरू झालेली आणि २००९ पासून अर्धवट थांबलेली. तिच्यातल्या हाचीला तिचा प्रियकर शोजी फसवतो, आणि वाचणारा तिच्या बाजूने ढसाढसा रडतो. पुढे तीच हाची नोबूच्या प्रेमात असताना, आपण गरोदर असल्याचं कळल्यावर, त्याला सोडून ताकुमीकडे जाते. ज्या मुलीसाठी आपण रडलो तिनेच कुणाला तरी तसं दुखावलं, आणि लेखिका तिचा हात सोडत नाही. नोबूचं दुःखही ती कमी लेखत नाही. मुलं हाचीवर चिडतात, तिची बाजू घेतात, एकमेकांशी कडाकडा भांडतात. तिला काय शिक्षा व्हावी, हा मुद्दा अजून एकानेही काढलेला नाही.