प्रसाद आणि प्रमाद



बदरीकेदारची, मणिकर्णची यात्रा करून आलेली मंडळी आमच्याकडे येतात. गंगाजल देतात, अंगारा देतात, आणि निघता निघता उंबऱ्यापाशी थबकून हळूच विचारतात, "महाराज, तिकडे साधू चिलीम ओढतात अन् हा शंकराचा प्रसाद आहे म्हणतात. मग आपण काय समजायचं?" 'गांजा वाईट, चरस वाईट' एवढे बोलून हात झटकणे सोपे आहे. परंतु ज्याचा निवाडा करायचा ती वस्तू आधी पाहिली पाहिजे. ऐकीव साक्षीवर दिलेला निकाल टिकत नाही. तेव्हा आधी ते झाड पाहू, तो डोंगर पाहू, आणि मग प्रसाद कशाला म्हणावे ते ठरवू.

प्रथम शास्त्राकडे वळू. भगवान पाणिनींनी पाचव्या अध्यायात शेतांची नावे कशी साधावीत ते सांगितले आहे. तेथे तीळ, उडीद आणि जवस यांच्या पंक्तीला त्यांनी भंगा बसविली. भंगेच्या शेताला 'भंग्य' म्हणावे किंवा 'भांगीन' म्हणावे. अमरकोशातही भंगा कोठे सापडते? वैश्यवर्गात, शेती आणि धान्ये जेथे सांगितली तेथे. तेथे तिचे दुसरे नाव दिले आहे 'मातुलानी', म्हणजे मामी! पाठशाळेत हा शब्द आला की मुले खुदकन हसायची. असो. तात्पर्य एवढेच की, या ग्रंथकारांनी भंगा पाहिली ती शेतात, धान्याच्या शेजारी. चिलमीत नव्हे.

आणि हिमालयाच्या पायथ्याचे लोक तरी काय करीत आले? गढवाल-कुमाऊँमध्ये या झाडाची साल पाण्यात कुजवून वाख काढीत, त्याचे दोर वळीत, पोती विणीत, 'भंगेला' नावाचे जाडेभरडे वस्त्र विणून थंडीत अंगावर घेत. कुल्लूकडे याच वाखाची 'पुला' नावाची पादत्राणे करतात. देवळात आणि स्वयंपाकघरात कातडे चालत नाही, तेथे ही पुला चालते. पाहा, ज्या झाडाचे नाव काढताच आपण कानांवर हात ठेवतो, ते तिकडे देवाच्या गाभाऱ्यापर्यंत पायी जाते!

एकदा बदरीनारायणाहून परतताना आम्ही माळकरी मंडळी कुमाऊँमार्गे आलो. एका घरी म्हाताऱ्या आजीबाईंनी भात वाढला, डाळ वाढली आणि बाजूला हिरवट करडी चटणी वाढली. आमच्यातल्या एकाने विचारले, "ही कशाची?" आजीबाई म्हणाल्या, "भांगेच्या दाण्यांची." झाले! सारी पंगत थिजली. कोणी ताट सरकवले, कोणी गळ्यातल्या माळेला हात लावला. आजीबाईंना वाईट वाटले. "अहो, ही चटणी आमची लेकरं खातात, दाण्यात नशा नसते," असे त्या परोपरीने सांगू लागल्या. मंडळी आमच्या तोंडाकडे पाहू लागली.

आजीबाईंचे बोलणे खरे होते. या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. मादीच्या फुलोऱ्याभोवती जी बारीक पाने असतात, त्यांवर डोळ्यांना जेमतेम दिसतील असे केस असतात, आणि त्या केसांच्या टोकाशी चिकट राळेचे थेंब साठतात. मद आहे तो मुख्यतः त्या राळेत. दाणा स्वच्छ धुऊन भाजला की तो तिळासारखाच तेलाचा दाणा. सरकारचा १९८५ सालचा अमली पदार्थांचा कायदाही हाच भेद करतो. राळ, म्हणजे चरस, निषिद्ध. फुलोरा, म्हणजे गांजा, निषिद्ध. फुलोऱ्याविना सुटे असलेले दाणे आणि पाने त्या व्याख्येबाहेर. आम्ही चटणी खाल्ली. मंडळींनीही खाल्ली. विवेक म्हणतात तो हाच. वस्तू एक असते, अंगे अनेक असतात. कोणते अंग घ्यावे आणि कोणते टाकावे हे ज्याला कळले तो विवेकी.

आता दुसरी वाट पाहू. कुल्लूजवळ पार्वती नदीच्या खोऱ्यापासून वर चढले की उंचावर मलाणा नावाचे गाव आहे. गावाची भाषा कनाशी, ती आजूबाजूच्या खोऱ्यात कोणाला कळत नाही. गावाचा देव जमलू. तिकडची परंपरा सांगते की, जमलू म्हणजेच जमदग्नी ऋषी. माउलींनो, आपल्या माहूरच्या रेणुकामातेचे पती ते! म्हणजे नात्याने ते गाव आपल्याला परके नाही. तेथे देवळाला, घरांच्या भिंतींना बाहेरच्या माणसाने हात लावलेला चालत नाही, दंड भरावा लागतो. इतके कडक सोवळे!

आणि त्याच गावाचे नाव आज जगात कशाने माहीत आहे? चरसाने. सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलोरा भरात आला की उभ्या झाडाचे तुरे दोन्ही तळहातांत धरून हळूहळू मळतात. राळ हाताला चिकटते, काळी पुटे चढतात, ती खरवडून गोळी करतात. दिवसभर राबावे तेव्हा तोळ्याच्या मापाने माल हाती येतो. पूर्वीही हे थोडेफार चालत असे, नाही असे नाही. परंतु वाख, दाणा, दोर ही कामे पुढे होती आणि राळ मागे होती. त्या काळी पंजाबात विकला जाणारा चरस मुख्यतः यारकंदहून काराकोरम ओलांडून लेहच्या वाटेने येई. पुढे १९३० नंतरच्या दशकात ती वाट आटली. मग १९६०-७० च्या सुमारास परदेशी तरुणांचे तांडे या पहाडांत येऊ लागले. नेपाळने १९७३ साली चरसगांजाच्या दुकानांचे परवाने रद्द केले, आपल्याकडे १९८५ साली कायदा झाला; पण मागणी काही थांबली नाही. मागे असलेली राळ पुढे आली, आणि वाख, दाणा, दोर मागे पडले. देवळाची भिंत परक्याच्या बोटाला चालत नाही, पण त्याच गावच्या तळहातावरचा काळा मळ परक्याच्या ओठाला चालतो! २०१७ साली जमलू देवाच्या आज्ञेने गावातली पाहुण्यांची निवासगृहे बंद करण्यात आली. देवालाही शेवटी बोलावे लागले.

आणखी एक हानी झाली, ती कोणाच्या ध्यानात येत नाही. डोंगरातले वाण म्हणजे पिढ्यान् पिढ्या आपल्याच शेतातला दाणा राखून, त्याच थंडीत, त्याच मातीत वाढविलेले गावरान बियाणे. या झाडाचे परागण वाऱ्याने होते. अधिक माल, अधिक पैसा म्हणून परदेशी संकरित बियाणे पहाडात आले. वाऱ्याला बांध माहीत नसतो. एका शेतातल्या नराचा पराग शेजारच्या दहा शेतांत गेला, आणि जुने वाण पातळ होत चालले. लोभ नुसता घेणाऱ्याची बुद्धी खात नाही, तो बीजही खातो.

कोणी सुशिक्षित म्हणेल, "महाराज, १८९३-९४ साली इंग्रज सरकारने आयोग नेमला होता. माफक सेवनाने फारशी हानी नाही असे त्याने म्हटले आहे." खरे आहे, म्हटले आहे. परंतु त्याच आयोगाने अतिसेवन घातक म्हटले, तेही वाचावे. आणि माफकपणाचा बांध राखायचा कोणी? ज्या बुद्धीने बांध राखायचा तिलाच आधी झोप लागते! आजचे वैद्यही सांगतात की कोवळ्या वयात नित्य सेवन केले तर मनोविकाराचा धोका वाढतो. आमच्या शार्ङ्गधराने वैद्यकात 'व्यवायी' द्रव्याचे लक्षण सांगितले आहे. जे आधी सर्व देहात पसरते आणि मग पचते ते व्यवायी, आणि उदाहरणे दिली भंगा आणि अफू. केवढे मार्मिक लक्षण! अन्न आधी पचते, आपले होते, मग अंगभर जाते. मादक वस्तू आधी आपला ताबा घेते, पचायचे ते मागाहून पाहते. म्हणजे अन्नाला आपण खातो, आणि ती आपल्याला खाते.

आता जिव्हारी लागलेली गोष्ट सांगतो. आमच्या दिंडीतल्या एका विणेकऱ्याचा मुलगा गाडी चालवायला म्हणून त्या खोऱ्यात गेला. कोणी एक पुडके दिले, दिल्लीला पोचव म्हणाले, काही हजार देऊ म्हणाले. पुडक्यात किलोच्या वर चरस निघाला. कायद्याने १०० ग्रॅमच्या आत असेल तर एक वर्षापर्यंत कैद. त्यापुढे किलोपर्यंत असेल तर दहा वर्षांपर्यंत. आणि किलोच्या वर असेल तर दहा ते वीस वर्षे आणि वर जबर दंड. पुडके देणारा सापडला नाही, पोरगा सापडला. बाप आमच्यापाशी आला, वीणा खाली ठेवली आणि म्हणाला, "महाराज, ते देवाचं झाड म्हणतात ना? मग माझ्या पोराला तुरुंग का?"

दिंडीतले काही जण म्हणू लागले, याच्या गळ्यात आता वीणा नको. आम्ही म्हटले, मुलाच्या अपराधाचे माप बापाच्या पदरात टाकू नका. आणि ती वीणा उचलून पुन्हा त्याच्या गळ्यात घातली. त्याला सांगितले, "बाबा, झाड देवाचंच आहे, अन् पोरही देवाचंच आहे. तुरुंग झाडाला नाही, व्यापाराला आहे. पोराला पत्र लिहीत जा, भेटीला जात जा. त्याला तोडू नकोस." तो माणूस त्या वर्षी आळंदीहून पंढरपुरापर्यंत रडत चालला, पण चालला.

उरला शंकराचा प्रश्न. भोळा शंकर हे सेवन करतो म्हणून आम्ही करतो, असे म्हणणाऱ्याला आमचे एकच विचारणे आहे. समुद्रमंथनात हलाहल निघाले, देव-दैत्य पळाले, तेव्हा ते कोणी प्यायले? शंकरांनी. कोणासाठी? जगासाठी. आणि ठेवले कोठे? कंठात. पोटात उतरू दिले नाही. शंकराचे अनुकरण करायचे आहे ना? मग आधी दुसऱ्याच्या वाट्याचे विष पी! शेजाऱ्याचे कर्ज, भावाचे दुखणे, गावाचे भांडण आपल्या कंठात धर. तेवढे साधले म्हणजे चिलमीची गोष्ट काढ. स्वतःच्या सुखासाठी धूर प्यायचा आणि नाव मात्र नीलकंठाचे घ्यायचे, हा प्रसाद नव्हे, हा प्रमाद आहे. प्रसादाने चित्त प्रसन्न होते आणि जागे राहते. ज्याने चित्त निजते, त्याला प्रसाद म्हणू नये.

म्हणून वारकऱ्यांनो, हिमालयात अवश्य जा. पुला दिसली तर विकत घ्या, विणणाऱ्याच्या घरी चूल पेटेल. आजीबाईंनी चटणी वाढली तर खा, अन्नाचा अपमान करू नका. उत्तराखंडाने २०१८ सालापासून कमी मदाच्या वाणाची लागवड वाखासाठी आणि दाण्यासाठी परवान्याने करू दिली आहे. जुनी वाट पुन्हा उघडत असेल तर चांगलेच आहे. पण कोणी काळी गोळी पुढे केली, मग ती साधूच्या हातातली असो की हॉटेलवाल्याच्या, हात जोडा आणि पुढे चला. अनोळखी माणसाचे पुडके पिशवीत घेऊ नका. आणि डोंगरातल्या मळणाऱ्याला शिव्या देत बसू नका. मुंबई-पुण्याहून घेणारा गेला नसता, तर तो कशाला हात काळे करता? आपल्या घरातला कोणी या नादी लागला असेल, तर त्याला उंबऱ्याबाहेर काढू नका. वैद्याकडे न्या, व्यसनमुक्ती केंद्रात न्या, आणि बरा होताच हाती टाळ देऊन दिंडीत आपल्या शेजारी उभा करा.

रामकृष्णहरि.