बापाचं सोयाबीन, पोराचा वडापाव

चाकणच्या आंबेठाण चौकात कारखान्यांची पहिली पाळी सुटली की वडापावच्या गाड्यांवर झुंबड उडते. गाडीखाली पामोलिनचा डबा. हे तेल स्वस्त, कढईत तासन्‌तास तापवलं तरी लवकर बिघडत नाही आणि त्याला स्वतःची चव नाही. गाडीवाल्याला आणखी काय हवं?

या तेलासाठी इंडोनेशियातल्या सुमात्रा आणि कालिमांतानमधली जंगलं तुटली. 2015 साली तिथल्या पीटच्या जमिनी पेटल्या आणि धूर पार सिंगापूरपर्यंत गेला. म्हणून ‘पामतेल टाळा’ असा सल्ला मिळतो. मला तो अर्धवट वाटतो. हेक्टरी पामचं तेल निघतं तीन-चार टन, सोयाबीनचं जेमतेम अर्धा टन. तेवढंच तेल सोयाबीनमधून काढायचं तर ब्राझीलमधलं आणखी रान नांगराखाली जाईल. शिवाय टाळायचं कोणी? गाडीवर वडापाव खाणाऱ्या कंत्राटी पोरानं?

गाडीपुढे कान दिला तर लातूर, परभणी, नांदेडची बोली ऐकू येते. यातल्या कितीतरी पोरांच्या घरी शेतात सोयाबीन असतं. 14 सप्टेंबर 2024 पासून केंद्रानं कच्च्या खाद्यतेलांवरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्क्यांवर नेलं. कारण दिलं तेलबिया पिकवणाऱ्याच्या भावाचं. महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, हा योगायोग म्हणू. तेल महागलं. सोयाबीन मात्र 4,892 रुपयांच्या हमीभावाच्या खालीच विकलं जात राहिलं. दाण्यात तेल पाचव्या हिश्शाच्या आसपास, बाकी मुख्यतः पेंड. पेंडीला उठाव नसेल तर नुसत्या तेलाच्या भावानं दाणा वर चढत नाही. 30 मे 2025 ला कच्च्या तेलावरचं शुल्क पुन्हा 10 टक्क्यांवर आलं. मधल्या काळात पोराच्या खिशातून पैसे गेले, ते बापाच्या हातात काही पडले नाहीत. जे गेलं ते तिजोरीत. शुल्काचा पैसा तेलबियांच्या खरेदीला बांधून दिला नाही, तर शेतकऱ्याचं नाव कशाला घ्यायचं?

तिकडे इंडोनेशियातही परिस्थिती फार वेगळी नाही. मळ्यात पामचे घड तोडणाऱ्याला रोजचं टार्गेट असतं; ते गाठायला काही ठिकाणी बायको, क्वचित मुलंही बिनपगारी राबतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजणाऱ्या बीडच्या ऊसतोड मजुराला हे समजावून सांगायला नको. पामखालच्या तिथल्या जमिनीपैकी सुमारे 40 टक्के छोट्या शेतकऱ्यांकडे आहे. एप्रिल 2022 मध्ये त्यांच्या सरकारनं पामतेलाची निर्यात बंद केली, तेव्हा आपल्याकडे डबा कडाडला आणि तिथे घडांचे भाव कोसळले. शेतकरी जकार्तात रस्त्यावर उतरले. बंदी तीन-एक आठवड्यांत उठली.

आयातीवरच्या या अवलंबित्वाला आपल्या सरकारचं उत्तर 2021 पासूनचं आहे: 11,040 कोटींचं पाम मिशन, रोख ईशान्य भारत आणि अंदमानवर. म्हणजे जिथे जंगल उरलं आहे नेमकं तिथेच. त्यातला थोडा पैसा सोलापूरच्या करडईला मिळाला असता तर बिघडलं नसतं.

हे सगळं दिल्लीवर ढकलूनही भागत नाही. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाना कायद्यानुसार 250 हून अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कँटीन चालवायला लावता येत होतं. पिंपरीपासून चाकणपर्यंत असे कारखाने पसरले आहेत आणि तिथे तेल घाऊक लागतं. ब्रेकला लागणाऱ्या बोल्टचं पोलाद कुठल्या हीटचं, म्हणजे भट्टीच्या कुठल्या खेपेचं, याचा कागद याच पट्ट्यात मागितला जातो. एक सुटा भाग सदोष निघाला तर लॉट शोधून गाड्या परत बोलावतात. कँटीनच्या निविदेत तेलासमोर बहुधा एकच रकाना असतो, दराचा. पामतेलाच्या उगमाची प्रमाणपत्रं आहेत. त्यांचे निकष ठरवणारी ‘आरएसपीओ’ ही संस्था 2004 पासून काम करते आहे. तिच्यावर टीका भरपूर होते आणि ती बरीचशी रास्त आहे. तरी परचेस विभागानं तो कागद मागायला काय हरकत आहे? वाढीव दर मात्र ठेकेदाराच्या माथी मारू नये. तो फिरून थाळीवरच येईल.