दरबाराला शिकवा

सिंधुदुर्गातल्या एका माध्यमिक शाळेत नव्या मराठीच्या बाई रुजू झाल्या. कॉलेजात असताना पुण्यात एकांकिका केलेल्या. तालुक्याच्या नाट्यस्पर्धेत नववीच्या मुलांना घेऊन हरिश्चंद्राची गोष्ट उभी करायची असं त्यांनी ठरवलं आणि मुख्याध्यापकांपुढे यादी ठेवली: पडदा, सिंहासन, चार स्पॉट, भाड्याचे पोशाख. मुख्याध्यापक भले गृहस्थ. यादी शेवटपर्यंत वाचून म्हणाले, "बाई, वेतनेतर अनुदानात खडू नि वीजबिल भागलं तरी देव पावला. कोपऱ्यातल्या वर्गातलं जुनं बाकडं तेवढं घेऊन जा."

तालमी सुरू झाल्या. हरिश्चंद्र बाकड्यावर बसला की वर्ग फिसफिसायचा. ताठ बस, हनुवटी वर, आवाज पोटातून काढ, असं बाई बजावत राहिल्या. पोर बिचारं जास्तच अवघडत गेलं. पुठ्ठ्याला सोनेरी कागद चिकटवून सिंहासन केलं, तर मुलं राजापेक्षा त्या पुठ्ठ्याकडेच बघायला लागली.

त्याच वर्गात शेवटच्या रांगेत एक मुलगा पहिल्या तासाला हमखास पेंगायचा. कार्तिकी पौर्णिमा झाली, गावोगावच्या जत्रा लागल्या आणि त्याची झोप फारच वाढली. बाईंनी वडिलांना बोलावणं धाडलं. ते आले संध्याकाळी, तालमीच्या वेळेला. दिवसा काजूच्या बागेत मजुरी करणारा आणि रात्री दशावतारात राजाचं काम करणारा माणूस. पोरगा त्यांच्याबरोबर झांज वाजवायला जायचा, रात्रभर जागायचा.

बाई वर्गात विष्णुदास भावे शिकवत होत्या, 1843 साल, सांगली, सीतास्वयंवर. ते शिकवायलाच हवं. पण शाळेपासून हाकेच्या अंतरावर, देवळाच्या आवारात, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं नाटक मध्यरात्री उभं राहत होतं. त्याला लिहिलेली संहिता नाही. कथानक ठरतं आणि संवाद नट तिथल्या तिथे रचतात. आपला रंग आपणच लावतात. साथीला पेटी, पखवाज आणि झांज. नेपथ्य म्हणाल तर एक बाकडं. तेच सिंहासन, तोच पर्वत, तोच रथ. आपल्याकडच्या नाट्यशिक्षणाची खरी शाळा तीच आहे असं मला वाटतं, आणि शाळेच्या फाटकातून ती आत येत नाही याचं वाईट वाटतं.

पोराच्या झोपेबद्दल वडिलांनी आधी माफी मागितली. मग थोडा वेळ दाराशी उभं राहून तालीम पाहिली आणि हळूच म्हणाले, "बाई, राजाक काय शिकवू नकात. दरबाराक शिकवा."

बाईंना कळेना. तेव्हा वडिलांनी राजा झालेल्या मुलाला उठवून खाली बसवलं. चपला दाराबाहेर काढल्या. खांद्यावरचा पंचा कमरेला बांधला आणि दरवान होऊन ते आत आले. उंबऱ्याशी थबकले. रिकाम्या बाकड्याकडे नजर गेली तशी मान आपोआप खाली आली. बाकड्यासमोरून आडवे न जाता भिंतीच्या कडेने वळसा घातला, मुजरा केला आणि पाठ न दाखवता सात-आठ पावलं मागे सरकत आपल्या जागी उभे राहिले. तोंडातून शब्द नाही. वर्गातली फिसफिस थांबली.

तेवढ्यात दुसऱ्या वर्गात डस्टर आणायला गेलेली मुलगी परत आली. आत काय चाललंय हे तिला ठाऊक नव्हतं. फळा समोरच होता, सरळ जायला वाट मोकळी होती. पण ती भिंतीच्या कडेने, अंग चोरून, बाकड्याला वळसा घालून फळ्याशी गेली.

"बघलात?" ते म्हणाले. "राजा आपणहून राजा होणा नाय. दुसऱ्यांनी तेका राजा करूचो लागता."

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी हरिश्चंद्राला काहीही सांगायचं बंद केलं. बाकडं मधोमध ठेवलं आणि एकेका मुलाला आत पाठवलं. गाऱ्हाणं घेऊन आलेला शेतकरी, मनात पाप असलेला कारभारी, पहिल्यांदाच राजवाडा बघणारं लहान पोर. एक अक्षर बोलायचं नाही. फक्त राजासमोर उभं राहायचं. वर्गातली सगळ्यांत बुजरी मुलं यात सगळ्यांत पुढे गेली, कारण थोरामोठ्यांसमोर उभं राहताना पाय कुठे ठेवावा हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. आणि इतक्या जणांनी मान झुकवल्यावर बाकड्यावरच्या मुलाची पाठ कधी ताठ झाली हे त्यालाही कळलं नाही.

मग काशीचा प्रवेश. बाकडं तेच, तिथेच. आता मात्र येणारा-जाणारा त्यावर बोचकं टाकतो, पाय टेकवतो, हरिश्चंद्राला ढकलून पुढे जातो. कुणीच त्याच्याकडे बघेना, तसे त्या मुलाचे खांदे उतरले. ते बघताना बाईंना भरून आलं. खर्च शून्य रुपये झाला होता.

झांजवाल्या मुलाला त्यांनी संगीत दिलं. त्याच्या जत्रांच्या तारखा कॅटलॉगच्या मागच्या पानावर लिहून घेतल्या आणि त्या दिवसांनंतरच्या पहिल्या तासाला त्याला उठवायचं नाही असं ठरवलं.

स्पर्धेत बाकीच्या शाळांचे टेम्पो आले होते, महाल, झाडं, धुराचं यंत्र. यांनी आयोजकांकडूनच एक बाक मागून घेतला. नंबर आला नाही. नेपथ्याच्या रकान्यात त्यांना गुणच मिळाले नव्हते.

पुढच्या वर्षी नवी नववी आली. बाईंनी नाटकाची पात्रं फळ्यावर लिहिली आणि कुणाला काय करायचंय ते विचारलं. राजा व्हायला दोघं उठले. दरवानासाठी मात्र चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या.