उंबरठ्यावरचे हात

शास्त्रपाठ : शास्ते, अध्याय १९, मलाखी २:१३–१६, १ पेत्र ३:७.



नवऱ्याने मारले आणि पावसाने झोडपले तर दाद कोणाकडे मागावी, अशी एक म्हण आपल्या खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पाऊस जसा कोणाला आवरत नाही, तसा नवऱ्याचा हातही आवरत नाही. म्हणून स्त्रीने निमूटपणे सोसावे, हा तिचा भावार्थ. जगाने असे बोलावे यात नवल नाही. परंतु प्रभूच्या मेजावर बसणाऱ्यांच्या घरांतही ही म्हण खरी ठरावी, ही मोठ्या दुःखाची गोष्ट होय. म्हणून या आठवड्यात पवित्र शास्त्रातील असा एक अध्याय आम्ही वाचकांपुढे ठेवतो, की जो उपासनेत क्वचितच वाचला जातो.

शास्त्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात एका लेव्याची हकिकत आहे. हा मनुष्य एफ्राइमाच्या डोंगराळ मुलखात राहत असे. त्याची उपपत्नी त्याला सोडून बेथलेहेमास आपल्या बापाच्या घरी गेली व तेथे चार महिने राहिली. ती का गेली याविषयी प्राचीन प्रतींत एकवाक्यता नाही. काहींत तिच्याकडे दोष दिला आहे, तर काहींत ती त्याच्यावर रागावून गेली असे आहे. मग लेवी एक चाकर व दोन गाढवे घेऊन, गोड बोलून तिला परत आणावे म्हणून तेथे गेला. जावयास पाहून सासऱ्याला आनंद झाला. तीन दिवस खाणेपिणे झाले. चौथ्या दिवशी आग्रह झाला. पाचव्या दिवशीही झाला. शेवटी दिवस कलता कलता ती मंडळी निघाली, आणि उशीर झाल्यामुळे त्यांना गिबा येथे रात्र काढावी लागली. त्या गावच्या अधम लोकांनी घराला वेढा दिला, तेव्हा ज्याने तिला समजावून आणले होते, त्यानेच तिला धरून बाहेर त्यांच्या हाती दिले. पहाटे ती दारापाशी येऊन पडली. उजाडल्यावर धन्याने दार उघडले, तो तिचे हात उंबरठ्यावर होते. त्याने तिला उठावयास सांगितले. परंतु उत्तर आले नाही.

या गोष्टीतील तिघांकडे आपण क्रमाने पाहू.

पहिला, तो बाप. तो दुष्ट नव्हता. आपल्या लेकीवर त्याची मायाही असेल. परंतु शास्त्रलेखकाने पाच दिवसांचा पाहुणचार बारकाईने सांगितला असता, “बाई, तुला जावयाचे आहे काय?” असे बापाने एकदाही विचारल्याचे त्यात नाही. जावयाचा मान राहिला, घराची अब्रू राहिली, आणि लेक मात्र गेली. आज हे आपल्याकडे घडत नाही काय? मुलगी अंगावर वळ घेऊन माहेरी येते. आठ दिवसांनी जावई येतो; कोंबडी कापली जाते; गावचे चार जाणते बसतात; भांड्याला भांडे लागायचेच, असे कोणीतरी म्हणतो; उपदेशक प्रार्थना करतात; आणि संध्याकाळच्या एस्‌टीने मुलगी सासरी जाते. सर्वांना वाटते, समेट झाला. परंतु जिच्याविषयी समेट झाला, तिला त्या बैठकीत कोणी बोलू दिले होते काय?

दुसरा, तो लेवी. तो परका नव्हता, मूर्तिपूजकही नव्हता; देवाच्या सेवेसाठी वेगळ्या केलेल्या वंशातला होता. म्हणून उपदेशकांनी, वडिलांनी व शिक्षकांनी हे ध्यानात घ्यावे, की मुखी शास्त्र असल्याने हात शुद्ध होत नाहीत. मलाखी संदेष्ट्याच्या काळी लोक वेदीवर अश्रू ढाळीत, आणि देव आमच्या अर्पणाकडे का पाहत नाही, असे विचारीत. संदेष्ट्याने कारण सांगितले : तू व तुझ्या तारुण्यातील स्त्री यांच्यामध्ये परमेश्वर स्वतः साक्षी होता, आणि तू तिच्याशी विश्वासघात केलास. जुलुमाने आपले वस्त्र झाकणाऱ्याचाही देवाला वीट आहे, असे तेथेच म्हटले आहे. पेत्रही पतींस सांगतो, की स्त्रिया तुमच्याबरोबर जीवनरूपी कृपेच्या वारसदार आहेत. त्यांस मान द्या, नाही तर तुमच्या प्रार्थना अडतील. तेव्हा बायकोस मारणे ही चार भिंतींतील खाजगी बाब नव्हे. रात्री ज्याचा हात उठला, त्याची रविवारची प्रार्थना छपराच्या वर जात नाही.

काही जण इफिसकरांस लिहिलेल्या पत्राचा पाचवा अध्याय पुढे करतात आणि स्त्रीने अधीन असावे एवढेच वचन वाचून पुस्तक मिटतात. त्यांनी पुढेही वाचावे. ख्रिस्ताने मंडळीवर जशी प्रीती केली तशी पतीने करावी, असे तेथे आहे. ख्रिस्ताने मंडळीसाठी मार खाल्ला. मंडळीला कधी मारले नाही. मस्तक आपल्या देहाचे पोषण करते. जे आपल्याच देहाला ठोसे मारते, त्याला मस्तक कोण म्हणेल?

तिसरी, ती स्त्री. सबंध अध्यायात तिच्या मुखी एकही शब्द नाही. तिचे हात तेवढे बोलतात. अशा मुक्या भगिनी आज किती आहेत? २०१९–२१ साली झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे, महाराष्ट्रात १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी १०० मध्ये सुमारे २५ जणींनी पतीचा जुलूम सोसला आहे. सबंध देशात ज्या स्त्रियांवर अशी मारहाण झाली, त्यांच्यापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक जणींनी कोणाकडे मदत मागितली नाही व कोणाला सांगितलेही नाही. हा आकडा सर्व धर्मांच्या घरांचा आहे. आपल्या मंडळीत बाकांवर बसलेल्या भगिनी त्याबाहेरच्या आहेत, असे समजण्यास आधार नाही.

अशा भगिनीस पुष्कळदा सांगितले जाते, “बाई, हा तुझा वधस्तंभ आहे, तो वाहा.” हे शास्त्राला धरून नाही. वधस्तंभ तो, जो प्रभूच्या नावासाठी मनुष्य आपखुशीने उचलतो. दारू पिऊन आलेल्याची काठी हा वधस्तंभ नव्हे. शौलाने भाला फेकला तेव्हा दावीद भिंतीशी उभा राहिला नाही. तो त्याच रात्री पळाला, आणि तरीही शौलाचा द्वेष त्याने केला नाही. पौलाला दिमिष्कात जिवे मारण्याचा बेत झाला, तेव्हा बंधुजनांनी त्याला टोपलीतून तटाखाली उतरविले. नासरेथकर कड्यावरून लोटावयास निघाले, तेव्हा स्वतः प्रभू त्यांच्यामधून निघून गेला. जीव वाचविण्यासाठी घर सोडणे हा अविश्वास नव्हे. आणि ती टोपली धरणारे हात लागतात. ते मंडळीचे हात होत.

आता आमच्या उपदेशक बंधूंशी दोन शब्द बोलतो.

एखादी भगिनी सांगावयास आली, तर तिचे एकान्तात, शक्य तर एखाद्या विश्वासू वडील बाईस जवळ बसवून ऐका. तू काय केलेस, हा प्रश्न पहिला विचारू नका. तिचे बोलणे तिच्या नवऱ्याकडे नेऊ नका. कारण त्याची भरपाई ती रात्री करते. मत्तयाच्या अठराव्या अध्यायाचा आधार घेऊन मार खाणारीला मारणाऱ्यासमोर एकटी बसवू नका. त्याच अध्यायात, अपराधी ऐकत नसेल तर ते मंडळीस कळवावे, असेही आहे. आज रात्री घरी जाणे तुला निर्भय वाटते काय, हे अवश्य विचारा. गळा दाबला असेल, कोयता किंवा रॉकेल दाखविले असेल, किंवा ती गरोदर असेल, तर उद्याची वाट पाहू नका. अशा ठिकाणी जिवाचा धोका फार वाढतो. घर सोडून निघण्याचा समयही धोक्याचा असतो. म्हणून कधी व कसे निघावे हे तिने ठरवावे, तुम्ही साह्य करावे. आधारपत्र, शिधापत्रिका, बँकेचे पुस्तक, मुलांचे जन्मदाखले ही कागदे एखाद्या भरवशाच्या शेजारणीकडे ठेविलेली बरी.

सरकारचा कायदाही तिच्या पाठीशी आहे, आणि तो सांगणे हे उपदेशकाचे कर्तव्य होय. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा कायदा २००५ साली झाला व २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. मारहाणच नव्हे, तर शिवीगाळ, अब्रूवर घाला आणि खर्चास पैसे न देणे हेही त्याने जुलूम ठरविले आहेत. नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे तिने स्वतः, किंवा तिच्यासाठी कोणीही, खबर द्यावी. सद्‌भावाने खबर देणाऱ्यावर त्याबद्दल जबाबदारी येत नाही. दंडाधिकारी पतीला मारहाणीपासून रोखणारा हुकूम देऊ शकतो, आणि घर नवऱ्याच्या नावावर असले तरी तिला त्यात राहू देण्याचाही हुकूम देऊ शकतो. तो हुकूम मोडल्यास १ वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. विधी सेवा समितीकडून स्त्रीला वकील फुकट मिळतो. त्यासाठी मिळकतीची अट नाही. दूरध्वनीवर १८१ हा महिलांसाठी व ११२ हा तातडीच्या वेळेसाठी आहे. हे आकडे प्रार्थनामंदिराच्या दाराशी लिहून ठेवावेत. ज्या मंडळीच्या इतिहासात पंडिता रमाबाईंचे नाव आहे, ज्यांनी १८८९ साली मुंबईत शारदासदन उघडले व पुढे केडगावास निराश्रित स्त्रियांसाठी मुक्तिसदन उभारले, त्या मंडळीने आपले दार लावून घेणे शोभत नाही.

आणि ज्याने हात उचलला, त्याचे काय? त्यालाही सोडू नका. तोही हरवलेले मेंढरू आहे. परंतु त्याचे अश्रू पाहून पश्चात्तापाचा हिशोब करू नका. जक्कयाने नुसती क्षमा मागितली नाही. ज्यांचे लुबाडले होते त्यांचे चौपट परत करावयास तो उभा राहिला. तसेच येथेही फळ दिसावे : दारू सुटावी, केलेले कृत्य पंचांपुढे कबूल करावे, बायकोमुलांचा खर्च पोहोचता करावा, आणि ती परत येवो वा न येवो, तिच्यावर दडपण आणू नये. हे दिसेपर्यंत त्याने प्रभुभोजनापासून दूर राहावे आणि मंडळीत कोणतीही जबाबदारी घेऊ नये. हे निष्ठुरपण नव्हे. त्याच्या आत्म्याच्या बचावाचा हाच मार्ग आहे.

प्रिय भगिनी, तू हे वाचत असशील किंवा कोणाकडून ऐकत असशील, तर एवढे समज : भाकरी करपली म्हणून, मुलगीच झाली म्हणून, किंवा तू उलट बोललीस म्हणून तो मार तुझ्या वाट्याला आला, असे नव्हे. तो मारणाऱ्याचा अपराध आहे. हागार अरण्यात होती, तेव्हा परमेश्वराच्या दूताने तिला नावाने हाक मारली. कोठून आलीस व कोठे जातेस, असे विचारले. आणि तिने देवाला, मला पाहणारा, असे नाव दिले. तो तुलाही पाहतो.

दाद कोणाकडे मागावी, असे म्हण विचारते. जो विधवांचा कैवारी आहे त्याच्याकडे, आणि त्याच्या नावाने जमणाऱ्या मंडळीकडे, असे आपले उत्तर असावे. गिब्यातील ते दार सकाळ होईपर्यंत उघडले नाही. आपली दारे रात्रीच उघडोत.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, ज्यांचा आवाज घरात दाबला गेला आहे त्यांचे तू ऐक. ज्यांचे हात जुलमास सोकावले आहेत त्यांस आवर व त्यांचे अंतःकरण मोड. आमच्या मंडळ्यांस ऐकणारे कान, सत्य बोलणारी जीभ आणि उघडे दार दे. येशू ख्रिस्त आमचा प्रभू याच्या नावाने. आमेन.