कोन जागेवर, दोरा वाटेवर

दुपारची वेळ घ्या. जेवणं उरकलेली, भांडी पालथी घातलेली, घरात दुसरं कुणी नाही. शनिवार मात्र टाळा. शनिवारी आपल्या सोनईतून शनीच्या दर्शनाला शिंगणापूरकडे जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न थांबत नाहीत, आणि त्यातच अमावस्या आली तर विचारूच नका. बाकी कुठलाही वार चालेल. मशीनवरचं फडकं काढा, घडी करून बाजूला ठेवा, पण बसल्या बसल्या पायडल मारू नका. शिवायचं आहे ते नंतर. आधी दोऱ्याच्या मागोमाग जायचं आहे, त्याच्याच चालीनं.

बाजारातून आणलेला मोठा कोन हातात घ्या. पाच हजार मीटरचा असेल तर तुमच्या तळहातावर पाच किलोमीटर दोरा आहे. सोनईकराला हे अंतर समजावून सांगायला नको. इथून चालत निघालं तर एवढ्यात शिंगणापूर जवळ येतं. क्षणभर तो सगळा दोरा त्या रस्त्यावर, उसाच्या कडेकडेनं पसरलेला डोळ्यांपुढे आणा. मग पुन्हा हातातल्या कोनाकडे बघा.

दुसऱ्या हातात नेहमीचं लहान रीळ घ्या. आकार सोडून द्या, गुंडाळणी बघा. जुन्या पद्धतीच्या रिळावर वेढ्याला वेढा लागून दोरा आडवा बसलेला असतो. कोनावर तो तिरपा चढतो, तिरपा उतरतो, एकमेकांना छेदणाऱ्या रेघांची नक्षी होते. रीळ खुंटीवर गरगर फिरतं आणि दोरा बाजूनं सुटतो. कोनाचा दोरा शेंड्याकडून, वरच्या वर सुटावा म्हणूनच त्याला तसं गुंडाळलेलं असतं. कोनानं फिरायचंच नसतं. तो जागेवर उभा राहतो आणि दोरा त्याच्याभोवती फेरे घेत वर निघतो.

याच तालुक्यात, नेवाशाला पैस खांब आहे. ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, त्याला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली असं आपण मानतो. पाच हजार मीटरच्या कोनाला त्याच्या पंगतीला बसवणं आगाऊपणाचं होईल. पण आपण हललो नाही तरी आपल्यापासून काहीतरी लांबवर जाऊ शकतं, एवढा विचार या तालुक्यात बसून करायला हरकत नसावी.

आता आपण सगळ्याजणी काय करतो ते आठवा. घरच्या काळ्या मशीनच्या माथ्यावर रिळाची खुंटी असते. कोन आणला की आपण तो सरळ त्या खुंटीत घालतो. त्याच्या बुडाचं भोक मोठं, खुंटी बारीक; कोन डुगडुगतो. मशीनमधली ती वरखाली नाचणारी दांडी टाक्यागणिक दोऱ्याला हिसका देते. लहान रीळ त्या हिसक्यासरशी फिरतं आणि थांबतं. कोन जड. मिनिटाला शेकडो वेळा फिरायचं आणि थांबायचं हे त्याच्यानं व्हायचं नाही. त्यात एखादा ढिला वेढा घसरून त्याच्या बुडाखाली जातो, खुंटीला गुरफटतो, आणि दोरा ताठ होतो. कापड चुरमडतं, सुई वाकते, दोरा तुटतो.

मग हात कुठे जातो? टेन्शनच्या स्क्रूकडे. अर्धा फेरा सैल, पुन्हा पाव फेरा घट्ट, पुन्हा सैल. रोग रेड्याला, औषध पखालीला. स्क्रू डोळ्यांसमोर असतो, बोटांच्या टप्प्यात असतो, म्हणून दोष त्याच्या माथी बसतो. कोन माथ्यावर असतो, तिकडे मान वळत नाही. इथे थोडं थांबा. मशीन सोडून, गेल्या आठवड्यात घरात कशावरून कटकट झाली ते आठवा, आणि तेव्हा तुमचा हात कोणत्या स्क्रूवर होता तेही बघा. उत्तर काढायची घाई नाही. नुसतं बघा आणि परत या.

कोनाला त्याची स्वतःची जागा द्या. मशीनच्या मागे, उजव्या अंगाला, टेबलावर एक जड तांब्या किंवा स्टीलचा ग्लास ठेवा आणि कोन त्यात उभा करा. तो कलंडायला नको, एवढंच. मोडक्या छत्रीची काडी किंवा कपड्याच्या हँगरची तार घ्या, तिच्या टोकाला गोल कडी वळवा आणि ती कडी कोनाच्या शेंड्याच्या बरोबर वर येईल अशी बांधा. उंची कोनाच्या दुप्पट-अडीचपट असली की पुरे. कडी एका बाजूला सरकलेली असेल तर दोरा कोनाच्या काठाला घासतो आणि पुन्हा तेच हिसके सुरू होतात. दुकानात यासाठी तयार स्टँड मिळतात आणि चांगले असतात, पण छत्रीच्या काडीचं कुठे अडलेलं नाही. पायमशीन असेल तर दोरा पट्ट्याच्या आणि चाकाच्या वाऱ्यालाही जाणार नाही हे बघा.

आता दोऱ्याचं टोक चिमटीत धरा. कडीतून ओवा आणि सावकाश खाली ओढा. नजर कोनावर ठेवा. दोरा सुटतोय, एक फेरा, आणखी एक फेरा. कोन ढिम्म. अशा प्रत्येक फेऱ्यागणिक दोऱ्यात एक पीळ चढतो किंवा उतरतो. दोऱ्याचा मूळचा पीळ मीटरला काही शे असतो, त्यात हा वीतभराला एखादा कुठल्या कुठे जिरतो.

बोटभर दोरा कापून उजेडाकडे धरा आणि उलटा पिळा. पदर मोकळे होतील. दोन आहेत की तीन, मोजा. कोन घेताना हे बघायलाच हवं, कारण बरेच कोन ओव्हरलॉकसाठी बनवलेले, बारीक आणि दोन पदरी असतात. ओव्हरलॉकला दोरा फार लागतो, तीन दोऱ्यांच्या मशीनला मीटरभर शिवणीमागे सुमारे 14 मीटर. एवढी भूक भागवायची म्हणून एवढा मोठा कोन, आणि तिथे दोरा बारीक असला तरी भागतं. ब्लाऊजच्या काखेत तो टिकणार नाही. तिथे तीन पदरी घ्या. एक पदर आणखी उसवला तर आखूड तंतूंचा पुंजका दिसेल, कापसासारखाच, पण बहुधा पॉलिएस्टरचा. कापूस पिकवणाऱ्या भागात बसून आपण पॉलिएस्टरनं शिवतो, हीही एक गंमतच.

आता ओवणी. कापड दाबणारा फूट आधी वर उचला, म्हणजे टेन्शनच्या दोन चकत्या उघडतात आणि दोरा त्यांच्यामध्ये नीट बसतो. मग नाचरी दांडी, मग सुई. सुईच्या नेढ्यापाशी हात थांबवा. दोरा या नेढ्यातून एकदा गेला आणि टाक्यात बसला असं होत नाही. त्याचा तोच तुकडा टाक्यात अडकण्याआधी कित्येक वेळा नेढ्यातून पुढेमागे घासला जातो. बॉबिनभोवती वळसा घालायला खाली जातो, दांडीच्या ओढीनं वर येतो, असं पुन्हा पुन्हा. जुना, उन्हात पडलेला दोरा इथे तुटतो आणि आपण म्हणतो सुई खराब. हातभर दोरा दोन्ही मुठींत धरून झटका द्या. सहज तुटला तर तो कोन कच्च्या टाक्यांना ठेवा. चांगल्या कोनावरही प्लास्टिकची पिशवी घालून ठेवत जा. धूळ चकत्यांमध्ये जाऊन बसते.

बॉबिन त्याच कोनावरून भरा, एकदम दोन-तीन. पायडलवर पाय टेकवा. ज्या कापडाचं शिवायचं आहे त्याच्याच कात्रणावर चार बोटं शिवण घाला, सावकाश, टाका टाका ऐकत. कात्रण उलटं करा. दोन्ही बाजूंनी टाका सारखा असेल तर स्क्रूला आज सुट्टी. नसेल तरच त्याला हात लावा, आणि तोही पाव फेऱ्याच्या आत.

एक हिशेब राहिला. साध्या शिवणीला वरचा आणि खालचा मिळून मीटरमागे साधारण अडीच मीटर दोरा लागतो. म्हणजे एका कोनातून दोन किलोमीटर शिवण निघते. दोरा शिंगणापूरच्या जवळ पोचला, शिवण निम्म्या वाटेच्याही अलीकडे राहिली. तरी दोन किलोमीटर म्हणजे ब्लाऊजची रासच. म्हणून कोन घ्यावा तो पांढरा, काळा आणि शाळेच्या गणवेशाच्या रंगाचा. गिऱ्हाईक साडी घेऊन मॅचिंगला आलं की सरळ लहान रीळ आणावं, दोन पैसे जास्त गेले तरी. एका मोरपंखी ब्लाऊजपायी पाच किलोमीटर मोरपंखी दोरा घरात आणून करायचं काय?